पंचनाम्यात नसलेली वस्तू

"तुम्ही जगभरचे खून शोधून काढता, मग आमच्या गावातला एक तुम्हाला का दिसत नाही?"

मालननं विचारलं आणि ती खाली बसलीच नाही. हे विचारून दाखव, अशी पैज जरिना आणि लीलानं लावली होती. आता दोघी बाकाखाली घुसायच्या बेतात होत्या. हेडमास्तरांनी टोपी काढून घाम पुसला. पाहुणे नियाज मुलाणी मूळचे विट्याचे, मुंबईच्या पेपरात लिहिणारे. ढाक्याच्या कत्तली, आफ्रिकेतले तुरुंग, सगळं स्वतः बघून आलेले. ते हसले नाहीत. म्हणाले, "शाळा सुटल्यावर भेट."

शाळा सुटल्यावर चिंचेखाली मालन धडाधड बोलली. दुष्काळी कामावर मजुरांना खायला वाटायची सुकडी गावातल्या बड्या बागायतदारानं, नानासोनं चोरून विकली, असा अर्ज त्याच कामावरच्या साळूबाईनं मामलेदाराला दिला होता. आठव्या दिवशी ती विहिरीत सापडली.

"पाणी शेंदताना पाय घसरला, असं पंचनाम्यात लिवलंय. काठावर घागर होती, दोर होता. आमी पोरी बगायला गेलो, तवा सगळं तसंच होतं."

"मग?"

"चुंबळ नव्हती. डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवल्याबगर घागर कोण बाई उचलंल? ती कुणीतरी बाप्यानं आणून ठेवली. पंचबी बापेच. कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई."

मुलाणींची पेन्सिल थांबली. "पंच कोण होते?"

"एक लालासाहेब. गेले ते, दिवाळीत वारले."

"आणि दुसरा?"

दुसरं नाव शाळेच्या हजेरीत रोज तिच्या नावापुढं लागत होतं. जोतीराम. तिचा बाप, नानासोच्या मळ्यावर इंजिन चालवणारा. नानासोनं बोट ठेवलं तिथं त्यानं सही केली असणार. त्यात त्याचा काय दोष?

"ठाऊक न्हाई," मालन म्हणाली.

"तो बोलला तर केस पुन्हा उघडेल. नाहीतर नाही. मी सकाळी सातच्या यष्टीनं जाणार."

ती घरी पोचायच्या आत नानासोचा माणूस येऊन गेला होता. जोतीराम दारातच उभा होता.

"काय बोललीस त्या पेपरवाल्याला? पोरीला आवर न्हाईतर मळ्यावर येऊ नको, म्हणालेत."

"तुमचं नाव न्हाई घेतलं, आण्णा. तुमी नुसती सही केली, मला कळतंय की. घागरीसंगं चुंबळ नव्हती, तेवढं सांगितलं."

जोतीरामनं कपाळाला हात लावला. "घाईत घागर तेवढी हाताला लागली. चुंबळीचं कुणाला सुचतंय?"

चुलीपुढं मालनची आई मनुबाई होती. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तिनं ती उलटली नाही.

"म्हंजी साळूबाईच्या घरातनं घागर तुमी नेली?" तिनं विचारलं.

जोतीराम भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "मी तिला हात लावला न्हाई. नानासोंनी आधीच... मला घागर आण म्हणाले, मी आणली."

दुपारी भर वर्गात न कापणारा मालनचा आवाज आता कापत होता. तरी ती बोलली.

"आण्णा, आई, सात वाजायच्या आत मी यष्टी स्टँडवर जाऊन दुसऱ्या पंचाचं नाव सांगणार हाय. आण्णा, तुमी संगं आलात, तर तुमचं तुमी सांगा."