कोरा करकरीत

बलभीमने लॅपटॉप उचलून नाकाशी धरला आणि हुंगला. मग त्याच्या बटणांवर नखाने टकटक करून बघितलं. बैल घेताना तो दात बघायचा आणि शेपटी ओढायचा. इथं ओढण्यासारखं काही सापडलं नाही.

"पैला मालक कोण ह्याचा?" त्याने विचारलं.

नळदुर्गच्या त्या दुकानाचा मालक महांतेश शांतपणे सांगत राहिला. लॅपटॉप पुण्याच्या एका ऑफिसातला. तीन वर्षं वापरलेला. आता खोलून, साफ करून, बॅटरी बदलून विकायला ठेवलेला. याला रिफर्बिश्ड म्हणतात. बलभीमला पहिल्या मालकाचं आडनाव हवं होतं. तो वारला का, हेही हवं होतं. ऑफिसने सगळ्यांनाच नवीन दिले, म्हणून जुने विकले, असं महांतेश म्हणाला. सगळ्यांनाच एकदम, हे ऐकून बलभीमचा संशय आणखी वाढला.

त्याच्या मुलीला, शिवकन्याला, मात्र तोच हवा होता. सोमवारी सकाळी नऊला तिची पहिली नोकरी सुरू होणार होती. घरी बसून हैदराबादच्या एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची. लॅपटॉप स्वतःचा हवा. नऊला हजर नसेल तर यादीतल्या पुढच्या मुलीला फोन जाणार होता. त्याच किमतीत नवीनही मिळत होता, पण त्याची मेमरी निम्मी होती आणि झाकण उघडताना कुरकुरत होतं.

"आप्पा, मला काम करायचंय," ती म्हणाली. "मिरवणूक न्हाय काढायची."

पहिल्या दिवशी कुणी दुसऱ्याचं उतरलेलं नेसतं का, असं बलभीमने तिलाच विचारलं. नवीन घेतला.

मिरवणूक दुसऱ्याच दिवशी निघाली. रविवार होता, आणि त्यांच्या गावात, अणदूरमध्ये, नवी वस्तू खंडोबाच्या पाया पडल्याशिवाय वापरत नाहीत. बलभीमने लॅपटॉप देवळाच्या पायरीवर ठेवला, उघडला आणि चालू करायला लावला. झाकण बंद राहू द्या, असं शिवकन्या दोनदा म्हणाली. बंद डब्यात देवाला काय दिसणार, असं बलभीमचं म्हणणं पडलं. येळकोट झाला. भंडारा उधळला गेला. किती मुठी पडल्या ते नक्की सांगता येणार नाही, पण सगळ्यात मोठी मूठ बलभीमच्या बायकोची, धुरपदाबाईची होती. त्यावर नारळ फुटला. पडदा आधी पिवळा झाला, मग निळा, मग काळा. देवानं मानून घेतलं, असं एक म्हातारा म्हणाला.

संध्याकाळी बापलेक पुन्हा नळदुर्गला. महांतेशने लॅपटॉप उलटा केला. काउंटरवर पिवळा गाळ ठिबकला. त्याने फडकं आणलं. हे कंपनी बदलून देणार नाही, आणि दुरुस्तीला दहा दिवस लागतील, एवढं सांगितलं. शिवकन्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी होती. शेवटी महांतेशने मेलेला ठेवून घेतला आणि वर थोडे पैसे घेऊन पुण्याचा जुना दिला. मेल्याचं काय करणार, असं बलभीमने हळूच विचारलं. धुऊन, वाळवून, जमलं तर रिफर्बिश्ड म्हणून विकू, असं उत्तर आलं.

बलभीमने फळीवरच्या जुन्या लॅपटॉपच्या रांगेकडे बराच वेळ पाहिलं.

"ह्ये समदे आसंच आले?"

"समदे न्हाईत, मालक," महांतेश म्हणाला. "पण बरेच."

सोमवारी नऊला दहा मिनिटं कमी असताना शिवकन्या खिडकीपाशी बसली. लॅपटॉप सुरू झाला. धुरपदाबाई हळदकुंकवाचं ताट आणि पाण्याचा तांब्या घेऊन आत येत होती. बलभीम दारात आडवा उभा राहिला.

"त्येला हात लावू नगंस," तो म्हणाला. "ह्याची पूजा पैल्या मालकानंच केलीया. त्यातनं वाचलाय ह्यो."