आवाज न करता

वारज्यातल्या बॅलेच्या क्लासमध्ये कुणाचा पाय धप्पकन आपटला, की अक्षताची नजर दाराकडे जायची. बाकीच्या मुली आधी कथक शिकलेल्या, त्यामुळे उडी मारून खाली येताना पाय आपटायची त्यांची सवय काही जाईना.

"अगं, आधी बोटं टेकवा, मग टाच. गुडघे वाकवा!" सांगून सांगून अस्मितामॅमचा घसा बसला होता.

मग अक्षताची पाळी आली. ती उंच उडाली आणि फरशीवर पीस पडावं तशी उतरली.

"बघा गं, असं उतरायचं! अक्षता, कुठे शिकलीस हे?"

"घरी."

"घरी? शिकवतं कोण?"

"कोणी नाही, मॅम. बाबांची कॉल सेंटरची रात्रपाळी असते ना, ते दिवसा झोपतात." तिचा आवाज एकदम खाली आला. "आवाजानं त्यांना जाग आली, की मग आईला..."

तिची नजर दाराकडे गेली.

मॅमनीही तिकडे पाहिलं. अक्षताला न्यायला आलेली आई आत येऊन उभी होती.

दार कधी उघडलं, ते कोणालाच ऐकू आलं नव्हतं.