अडलेली बाही

कपड्यांच्या दुकानात काचेमागच्या पुतळ्यांना सजवणं हे माझं काम. मेल्यांची बोटं काही केल्या वाकत नाहीत, म्हणून बाही चढवताना आधी हात मनगटातून फिरवून काढायचा, मग परत बसवायचा. लेकीनं लहानपणापासून हे पाहिलंय. आज ती मला कपडे घालत होती आणि बाही माझ्या बोटांवर अडली. "आई, हात जरा सैल सोड ना!" "सैलच सोडलाय गं." कातडी कडक होत जाईल, आधी बोटांची, मग चेहऱ्याची, हे डॉक्टरांनी आम्हा दोघींना सांगितलं होतं. तिला ते खरं कळलं ते आत्ता. तिचे डोळे भरून आले. तिला हसवावं म्हणून मी म्हटलं, "मनगटातून फिरवून बघ, निघतोय का!" आणि मी तोंडभर हसले. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बाही सोडून दिली. "आई, अशी रागावू नकोस ना."