शेवटच्या सुऱ्याआधी दोन थेंब

सर्कशीत माझी बायको सुरे फेकते आणि फळीला टेकून उभी राहते माझी आई. सासूसुनेची जोडी बघून लोक आधी हसतात, मग श्वास रोखतात. परवा आईच्या कानाजवळचा शेवटचा सुरा उरला होता. बायको हात उचलून तशीच थांबली. लोकांना ताटकळवतेय असं वाटून मी ढोल जोरात बडवला. तेवढ्यात आई फळी सोडून तरातरा तिच्यापाशी आली. खिशातून थेंबांची बाटली काढत म्हणाली, "दिव्यांनी लेन्स कोरड्या पडल्यात तुझ्या. मान वर कर. आणि तोंड मीट, थेंब डोळ्यांत घालायचेत." बायकोने पापण्या मिटून उघडल्या. आई जागेवर परतली. सुरा कानाला वारा घालत फळीत रुतला. "एवढ्या लांबून कळलं कसं?" मी नंतर विचारलं. आई कानातलं सारखं करत म्हणाली, "सुऱ्यांकडे बघायला लोक असतात. मी हिच्या पापण्या बघते."