राणीला दोन गुद्दे

शहाण्णवच्या उन्हाळ्यात, सुरतेच्या उधन्यातल्या एका भंगारवाल्याकडे चंद्रकांतरावांची पहिली गाडी घणाखाली गेली. घण उचलणारा माणूस दर वेळी छाती भरून ‘हुंऽ’ करायचा आणि टपाचा पत्रा आत जायचा. चंद्रकांतरावांना बघवेना, तरी ते शेवटच्या घावापर्यंत उभे राहिले.

संध्याकाळी झोपाळ्यावर बसून ते शेजारच्या हसमुखभाईंना त्या गाडीच्या गमती सांगू लागले.

“डुमसच्या समुद्रावर निघालो की रेल्वे फाटकाशी ही बंद पडलीच म्हणून समजा! मग डॅशबोर्डवर दोन सणसणीत गुद्दे हाणायचे आणि म्हणायचं, चल गं राणी! लगेच सुरू. परवा मात्र गुद्द्यांनाही दाद देईना, तेव्हा दिली भंगारात.”

“बहु मारी बिचारीने! फार मारलंत हो तिला,” हसमुखभाई हसले.

“अहो, प्रेमानं!” म्हणता म्हणता चंद्रकांतरावांचा श्वास अडकला. डोळ्यांपुढे अंधारी आली.

धाड. धाड.

छातीवर दोन गुद्दे असे बसले की झोपाळा मागे गेला. श्वास सुरू झाला. हसमुखभाई हातातला कप तसाच धरून समोर बसलेले होते.

शकुंतलाबाईंनी धावत येऊन नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं काढली. छातीवर मुठीएवढे दोन काळेनिळे डाग उमटले होते.

“कुणी मारलं हो?”

ते सांगणार, तोच श्वास पुन्हा अडकला. ते गुद्द्यांची वाट बघू लागले. गुद्दे आले नाहीत.

पाठीमागे, अगदी झोपाळ्याला लागून, कुणीतरी छाती भरून ‘हुंऽ’ केलं.