उंबऱ्यातला चेहरा

"हलायचं न्हाय आता, आबा. बोलायचंबी न्हाय," असं बजावून नकोशीनं वडिलांच्या कपाळावर प्लास्टरचा पहिला थर दिला.

आबासाहेब वरकुट्यातल्या घराच्या ओसरीत उताणे पडले होते. आपला पुतळा होणार, हे गावभर सांगून झालं होतं. लेक मामाकडे राहून शिकली आणि आता पुण्यात माणसांच्या अंगाचे साचे काढते, बायकांच्या पोटाचे, पाठीचे, भाजलेल्या हातांचे, हे त्यांना मुळीच रुचत नव्हतं. स्वतःच्या चेहऱ्याची गोष्ट वेगळी होती.

श्वासासाठी त्यांच्या नाकात दोन नळ्या घातल्या होत्या. आई, छबूबाई, भिंतीला टेकून बघत होती. नळ्या नाही घातल्या तर काय होतं, एवढंच तिनं विचारलं. श्वास कोंडेल, असं नकोशीनं सांगितलं. छबूबाईनं मान हलवली आणि पुन्हा बघत बसली.

आधीच्या दोघी बहिणी बारशाआधीच दगावल्या, असं नकोशी ऐकून होती. तिसरीही मुलगीच झाली, म्हणून हिचं नाव नकोशी. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो, ही गावाची समजूत. झालाही, दिग्विजय. शाळेच्या हजेरीपासून लग्नाच्या बोलण्यांपर्यंत त्या नावानं तिला पोळलं होतं. बदलून टाक म्हणणाऱ्यांवर ती चिडायची. ज्यानं ते ठेवलं, त्याला चारचौघांत खाली बघायला लावल्याशिवाय ती बदलणार नव्हती.

बारामतीत भरलेल्या आपल्या प्रदर्शनात तिनं आबासाहेबांचा तो चेहरा भिंतीवर लावलाच नाही. हॉलच्या दारात, उंबऱ्याला लागून, जमिनीत बसवला. आत जायचं तर त्यावर पाय द्यावाच लागणार होता. शेजारी पाटी लावली: नकोसा.

आबासाहेब फेटा बांधून, छबूबाईसह गावकऱ्यांची जीप भरून आले आणि दारातच थबकले. मागं कुणीतरी हसू दाबलं. नकोशीला फार बरं वाटलं. इतकी वर्षं तिनं याचीच वाट पाहिली होती.

"तुमी माझं नाव ठेवलं, आबा. मी तुमचं ठेवलं."

आबासाहेब खाली बघत पुटपुटले, "नाव मी न्हाय ठेवलं."

आता खोटंही बोलतात, म्हणून नकोशीचं डोकं भणभणलं. तिनं आईकडे पाहिलं. छबूबाई पुढं आली आणि चपलेसकट त्या चेहऱ्यावर उभी राहिली. प्लास्टर कचकन मोडलं.

"खरं बोलत्यात. नाव मी ठेवलं," ती म्हणाली. "हिला नकोशी म्हणू, मागनं पोरगा हुईल, असं म्हणून ह्येंचं पाय धरलं. तवा कुठं ह्येंनी तुला जिती ठेवली."

तिनं पाय काढला नाही.

"थोरल्या दोघींच्या येळंला मला हे सुचलं न्हाय."