पडद्यावरची आई

रुजेरो तान्हा असतानाच त्याची आई वारली. मूकपटांची नायिका होती ती. "पोराला घरी टाकून सिनेमात मिरवायची," एवढंच आत्या तिच्याबद्दल सांगायची.

साठी उलटेपर्यंत संग्रहालयांचे उंबरे झिजवल्यावर रुजेरोला आईच्या एका चित्रपटाचं जेमतेम एक रीळ सापडलं. तुरीनमधल्या एका फिल्म क्लबाने ते आज लावलं, पण फलकावर तिचं नावच नव्हतं. पियानोवाला नुसता पियानो बडवत होता. पडद्यावर राणीच्या वेशातली आई प्रियकराच्या मांडीवर प्राण सोडत होती आणि पुढच्या रांगेतली तरुण मंडळी तिचे हातवारे बघून खिदळत होती.

रुजेरो दातओठ खात बसला होता. तेवढ्यात शेजारी बसलेली त्याची बायको ओत्ताव्यासुद्धा हसली, तेव्हा मात्र त्याचा संयम सुटला. ती जन्मापासून बहिरी, त्यामुळे दोघं हातांच्या खुणांनीच बोलायचे.

"तू तरी हसू नकोस," त्याने चिडून खूण केली. "मरतेय ती. प्रियकराचा निरोप घेतेय. मधे आलेली संवादाची पाटी वाचली नाहीस?"

"पाटी कशाला वाचू? मी तिचे ओठ वाचतेय. निरोपबिरोप काही घेत नाहीये ती."

"मग काय म्हणतेय?"

ओत्ताव्याने डोळे पुसले आणि सावकाश एकेक खूण केली.



"म्हणतेय, 'आटपा ना लवकर, माझा रुजेरो दुधासाठी रडत असेल.'"